टाकीतला ओळंबा: मॉडेल विमानाच्या इंजिनासाठी क्लंक, नळी आणि बूच कसं निवडायचं

हिवाळा सरला, घड्याळं एक तास पुढं गेली, आणि आता इथल्या गावोगावच्या फ्लाइंग क्लबांच्या मैदानांवर शनिवार सकाळी पुन्हा इंजिनांचा आवाज घुमायला लागेल. मी बोलतोय ते रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल विमानांबद्दल. आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं हल्ली या मैदानांवर दिसतात, आणि त्यांच्यामागे फोल्डिंग खुर्ची आणि डबा घेऊन आलेले आई-बाबाही दिसतात.

आज बहुतेक नवशिके बॅटरीवरच्या विमानानं सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण कुणाला शेजारच्या आजोबांनी आपलं जुनं ट्रेनर विमान प्रेमानं दिलेलं असतं, कुणाला गॅरेज सेलमध्ये इंजिनासकट विमान मिळालेलं असतं, आणि कुणाच्या मुलाला किंवा मुलीला त्या इंजिनाच्या आवाजाचंच वेड असतं. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो: ‘इंजिन जमिनीवर छान चालतं, पण विमान वर गेलं की बंद पडतं. काय बदलायचं?’

बहुतेक जण आधी ग्लो प्लग बदलतात. मग कार्ब्युरेटरची सुई फिरवत बसतात. मग इंजिनच वाईट आहे असं ठरवून मोकळे होतात. माझं म्हणणं आज एवढंच आहे की या सगळ्याच्या आधी इंधनाची टाकी बाहेर काढा आणि तिच्या आत काय आहे ते बघा. टाकीत तीन किरकोळ वस्तू असतात: एक वजन, एक मऊ नळी आणि एक रबरी बूच. तिन्ही मिळून थोड्या डॉलर्सचा खर्च. आमच्या आयटीच्या कामात अशा जागेला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात, म्हणजे ती एक गोष्ट बिघडली की बाकी सगळं कितीही महागाचं असलं तरी उपयोग नाही.

आणि हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. ०.४० आकाराच्या इंजिनाचं, म्हणजे साधारण साडेसहा सीसीचं ट्रेनर विमान भरतं अडीच किलोच्या आसपास. उड्डाण घेताना नाक वर असतं, वेग कमी असतो आणि उंची जेमतेम झाडाइतकी असते. नेमक्या त्या क्षणी इंजिन बंद पडलं तर शिकाऊ हातांना विचार करायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्यात मूल घाबरून विमान मागे वळवायला बघतं, आणि मागे असतात माणसं, गाड्या आणि खुर्च्यांवर बसलेले आपणच. म्हणून टाकीच्या आतलं हे काम नीट समजून घेऊ या.

टाकीच्या आत चालतं काय?

गाडीच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते, तिला फ्लोट बाउल म्हणतात. थोडं इंधन तिथं नेहमी शिल्लक असतं, त्यामुळे टाकीकडून पुरवठा क्षणभर अडखळला तरी इंजिनाला कळत नाही. मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनाला अशी वाटी नसते. इंजिन थेट टाकीतून ओढतं. टाकीतून एक बुडबुडा गेला की तो इंजिनाला लगेच जाणवतो.

आता विमान सरळ उडत नाही. ते वर चढतं, खाली झेपावतं, कलतं, उलटं होतं. टाकीतलं इंधन त्याप्रमाणे इकडून तिकडे जातं. नळी एका जागी घट्ट बसवली तर काय होईल? शहाळ्यात स्ट्रॉ घालून पिताना शहाळं तिरकं केलं की स्ट्रॉचं टोक वर राहतं आणि सुर्र असा आवाज येतो, तसंच होईल. म्हणून टाकीत मऊ नळी असते आणि तिच्या टोकाला एक जड वजन लावलेलं असतं. टाकी हलवली की ते आतल्या भिंतीवर खट्ट आपटतं. त्या आवाजावरूनच इंग्रजीत त्याचं नाव पडलं ‘क्लंक’.

गवंड्याचा ओळंबा आठवा. दोरीला टांगलेलं वजन, कसंही धरलं तरी खालीच जाणार. क्लंक म्हणजे टाकीतला ओळंबा. फरक एवढाच की गवंड्याचा ओळंबा जमिनीकडे जातो, आणि विमानातला क्लंक इंधन जिकडे ढकललं जाईल तिकडे जातो. पाण्यानं भरलेली बादली गरगर फिरवली तर डोक्यावर आल्यावरही पाणी सांडत नाही, हा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. विमान गोल कोलांटी घेतं तेव्हा टाकीत तेच घडतं. इंधन आणि क्लंक दोघांवर एकच जोर असतो. क्लंक इंधनापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे तो इंधनाच्या तळाशी जातो आणि नळीचं तोंड बुडलेलं राहतं.

तुमच्यापैकी कुणी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असेल, तर दोन तारांवर गोल फिरणारी कंट्रोल लाइन विमानं त्यांनी पाहिली असतील. त्यांच्या पत्र्याच्या टाकीत क्लंक नसतो. ते विमान सतत वर्तुळात फिरतं, त्यामुळे इंधन नेहमी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. नळी त्या बाहेरच्या कोपऱ्यातच डाग देऊन पक्की केली की झालं. रेडिओवरचं विमान मात्र मोकळं असतं, म्हणून त्याच्या नळीलाही मोकळेपणा हवा.

पहिला प्रश्न: इंधन कोणतं?

दुकानात उभं राहून क्लंक आणि नळी बघण्याआधी या एका प्रश्नाचं उत्तर द्या. कारण चुकीच्या इंधनात चांगली नळीही टिकत नाही.

ग्लो इंजिनाचं इंधन मुख्यतः मिथेनॉल असतं. त्यात थोडं नायट्रोमिथेन, आपल्याकडच्या ट्रेनर इंजिनांसाठी बहुधा १० ते १५ टक्के, आणि वंगणासाठी तेल. हे तेल कृत्रिम असतं किंवा चक्क एरंडेल. लहानपणी आजीनं नाक दाबून पाजलेलं तेच एरंडेल! मिथेनॉलसाठी सिलिकॉनची नळी उत्तम. ती मऊ असते, मऊच राहते आणि आतलं दिसतं.

दुसरी असतात पेट्रोल इंजिनं. इथं पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, त्यामुळे दुकानात ‘गॅस इंजिन’ असं ऐकलं तर सिलिंडर डोळ्यांसमोर आणू नका. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, लिबलिबीत होतं आणि पितळी नळीवरून निसटतं. इथं टायगॉन नावाची पिवळसर पारदर्शक नळी किंवा व्हायटनची काळी नळी लागते. टायगॉन स्वस्त आणि सोयीची, पण पेट्रोलमध्ये काही महिन्यांनी ताठ होत जाते. बाहेरच्या जोडणीसाठी ताठ नळी चालेल, टाकीच्या आत मात्र ताठ नळी म्हणजे ओळंब्याची दोरी वाळून काठी झाल्यासारखं. म्हणून टाकीच्या आत व्हायटन बरी. ती महाग असली तरी लवचीक राहते. पण तीच व्हायटन ग्लोच्या मिथेनॉलसाठी आणू नका. ‘महाग ते सगळीकडे चांगलं’ हा हिशोब इथं चालत नाही.

बुचाचंही तसंच. ग्लोसाठी दिलेलं रबरी बूच पेट्रोलमध्ये फुगून खराब होतं. टाकीचं प्लॅस्टिक बहुधा दोन्हींना चालतं, पण पेट्रोलसाठी वेगळं बूच घ्यावं लागतं. पाकिटावर ‘ग्लो’ की ‘गॅस’ ते लिहिलेलं असतं. जुनी टाकी हाती आली असेल आणि आत काय आहे कळत नसेल, तर ओळखत बसू नका. नळी आणि बूच दोन्ही नवीन घाला.

नळीचा तुकडा उरलेला असेल आणि शंका असेल तर सोपी चाचणी आहे. झाकणाच्या काचेच्या बरणीत थोडं इंधन घ्या, तुकडा रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी तो फुगला, चिकट झाला किंवा कडक झाला तर ती नळी बाद. ही बरणी वॉटर हीटर असलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नका, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि हीटरची ज्योत तिथंच असते.

नळी किती जाड?

०.४० च्या आसपासच्या ग्लो इंजिनाला ‘मीडियम’ नळी लागते, म्हणजे आतून ३/३२ इंच, साधारण २.४ मिलिमीटर. मोठ्या इंजिनांना आतून १/८ इंचाची. जाड नळी घेतली तर जास्त इंधन जाईल आणि इंजिन जोरात चालेल असं काहींना वाटतं. तसं होत नाही. किती इंधन जायचं ते सुई ठरवते. टाकीच्या आत नको तितकी जाड नळी घेतली तर ती वळायला आळशी होते आणि क्लंकला तिला ओढून नेता येत नाही.

उलट बाजूही आहे. ५० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला छोट्या टाकीचा क्लंक लावला तर त्याच्या बारीक भोकातून पुरेसं इंधन येत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन दम सोडतं. त्यामुळे नळी, क्लंकचं भोक आणि पितळी नळी या तिघांचं माप जुळतं आहे ना ते बघा. या साखळीत सगळ्यात अरुंद जागा जी असेल, तेवढंच इंधन पुढं जाणार.

क्लंक कसा निवडायचा?

हातात घेऊन तीन गोष्टी बघा.

पहिली, वजन. नळीला लावून टाकी आडवी-तिडवी केल्यावर क्लंक नळीला सहज ओढून नेतो का? नेत नसेल तर क्लंक हलका आहे किंवा नळी ताठ आहे. २ ते ४ औंसांच्या छोट्या टाकीला मात्र छोटाच क्लंक हवा, नाहीतर तो आत फिरणारच नाही.

दुसरी, टोक. चांगल्या क्लंकच्या टोकाला खाचा असतात. टोक अगदी सपाट असेल तर ते टाकीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि तोंडच बंद होतं. खाचा असल्या की भिंतीला टेकला तरी बाजूनं इंधन येत राहतं.

तिसरी, गाळणी. काही क्लंक नुसते पितळेचे असतात, काहींवर फेल्टचं किंवा सच्छिद्र धातूचं आवरण असतं. ओल्या फेल्टचा एक गुण असा की ते इंधन जाऊ देतं पण हवेच्या बुडबुड्याला सहजी आत येऊ देत नाही. पेट्रोल इंजिनांसाठी म्हणून ते लोकप्रिय आहे. तुमच्या घरी गवत कापायचा पेट्रोलवरचा ट्रिमर असेल तर त्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा. नळीच्या टोकाला असाच जड फिल्टर लोंबताना दिसेल. वसंतात ट्रिमर सुरू झाला नाही तर तीच नळी कडक होऊन तडकलेली असण्याची शक्यता बरीच असते. म्हणजे विमान उडवत नसाल तरी आजचा भाग वाया गेला नाही!

ग्लो इंजिनासाठी मात्र मी साधा पितळी क्लंकच सुचवीन. फेल्ट हळूहळू तुंबतं, एरंडेल असेल तर अधिकच, आणि टाकीच्या आत असल्यामुळे ते तुंबल्याचं दिसत नाही. गाळणी हवी ती टाकीत इंधन भरायच्या नळीवर, डबा आणि टाकीच्या मध्ये लावा. कचरा टाकीत शिरलाच नाही तर आत गाळायचं काही कारण उरत नाही.

लांबी: सगळ्यात जास्त घोटाळा इथं

क्लंक टाकीच्या मागच्या भिंतीला चिकटलेला नको. साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर जागा सोडा. टाकी उभी धरली, उलटी केली, कुशीवर केली, तरी क्लंक न अडकता फिरला पाहिजे. जास्त लांब ठेवला तर मागे अडकतो, फार आखूड ठेवला तर शेवटचं इंधन हाती लागत नाही आणि वळायलाही त्रास होतो.

आता एक चोरटा बिघाड ऐका. विमान उतरताना नाकावर आपटतं. त्या धक्क्यानं क्लंक पुढे फेकला जातो, मऊ नळी दुमडते आणि क्लंक टाकीच्या पुढच्या भागात अडकून बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन पुन्हा सुरू होतं, जमिनीवर झकास चालतं, कारण सपाट असताना पुढेही इंधन आहेच. उड्डाण घेतलं, नाक वर झालं, सगळं इंधन मागे गेलं, आणि पुढे अडकलेल्या क्लंकच्या तोंडात हवा. वर सांगितलेला तो झाडाइतक्या उंचीचा क्षण हाच.

यावर उपाय सोपा आहे. टाकीतल्या मऊ नळीच्या मधोमध पितळी नळीचा एक तुकडा घाला. पुढे थोडी मऊ नळी, मग पितळ, मग पुन्हा थोडी मऊ नळी आणि क्लंक. बाजूला फिरण्यापुरता लवचीकपणा राहतो, पण सगळी नळी दुमडून पुढे यायला जागाच उरत नाही. पितळी नळी कापल्यावर तिच्या कडेला धार राहते. ती कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं काढा, नाहीतर तीच धार मऊ नळीला आतून चिरते. आणि एवढं करूनही, विमान नाकावर आपटलं की पुढच्या उड्डाणाआधी टाकी हलवून क्लंक मागे गेल्याची खात्री करायची, ही सवय मुलांना लावा.

बूच, हवेची नळी आणि टाकीची जागा

इंधन बाहेर पडलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी दुसरी पितळी नळी असते, ती टाकीच्या आत वरच्या बाजूला वळवतात. ग्लो इंजिनात ही नळी मफलरच्या तोटीला जोडतात, म्हणजे मफलरमधला दाब इंधनाला पुढे ढकलायला मदत करतो. ती निसटली तर इंजिन वर गेल्यावर अशक्त होतं. पेट्रोल इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये बहुधा पडद्याचा छोटा पंप असतो, त्यामुळे त्यांना मफलरच्या दाबाची गरज नसते. तिथं हवेची नळी विमानाच्या पोटाखाली उघडी सोडतात. इंधन भरताना तिला बोंडी लावली असेल तर उडवण्याआधी आठवणीनं काढा.

तिसरी नळी फक्त भरण्यासाठी ठेवता येते. ती सोय आहे, पण प्रत्येक जादा नळी म्हणजे गळतीची एक जादा जागा. ट्रेनरला दोन नळ्या पुरतात. इंजिनाकडची नळी कार्ब्युरेटरवरून काढायची, तिच्यातूनच भरायचं आणि मफलरकडच्या नळीतून इंधन दिसलं की थांबायचं. कार्ब्युरेटरला जोडलेली असतानाच भरू नका, इंजिनात इंधन शिरून ते अडकतं, आणि स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

बुचाचा स्क्रू घट्ट हवा, पण जीव खाऊन आवळू नका, रबर फाटतं. टाकीची मधली रेघ कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीत किंवा तिच्यापेक्षा ६ ते १० मिलिमीटर खाली असावी. आणि टाकीभोवती फोम हवा. टाकी लाकडाला टेकली तर इंजिनाच्या थरथरीनं इंधनाला ताकासारखा फेस येतो, आणि फेस म्हणजे बुडबुडेच.

लक्षणावरून दोष ओळखा

आमच्या मैदानावर एका मुलाचं ट्रेनर दर उड्डाणात सात-आठ मिनिटांनी बंद पडायचं. भरल्या टाकीला उत्तम, अर्धी झाली की गेलं. प्लग बदलून झाला, सुई फिरवून झाली, दुसरा कार्ब्युरेटरही लावून झाला. क्लबातल्या एका निवृत्त मेकॅनिकनं टाकी काढायला लावली. आतल्या नळीला पितळेच्या टोकाशी सुईएवढं भोक होतं. उसाचा रस पिताना चिरलेली स्ट्रॉ आली तर जे होतं तेच. भोक इंधनात बुडालेलं असेपर्यंत काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की रसाऐवजी हवा. एका नळीनं काम झालं.

हे कागदावर लिहून गॅरेजमध्ये लावून ठेवा:

भरल्या टाकीला चांगलं, अर्ध्या टाकीला बंद: आतल्या नळीला भोक किंवा चीर.

सपाट चांगलं, नाक वर केलं की बंद: क्लंक पुढे अडकला, मफलरची नळी निसटली, किंवा सुई जास्त बंद आहे.

सरळ चांगलं, उलटं झालं की बंद: आतली नळी ताठ झाली, क्लंक फिरत नाही.

बाहेरच्या नळीत बुडबुडे दिसतात: जोडणी सैल, किंवा टाकीत फेस.

दर आठवड्याला थोडं थोडं अशक्त: फेल्ट तुंबलं.

उडवण्याआधीच्या दोन चाचण्या

पहिली, गळतीची. टाकी विमानाबाहेर असतानाच करा. एक नळी सोडून बाकीच्यांना बोंडी लावा, उरलेल्या नळीतून रबरी फुग्याच्या छोट्या पंपानं हवा भरा आणि टाकी पाण्यात बुडवा. बुडबुडे दिसले तर बूच किंवा जोडणी दुरुस्त करा. नंतर आतून पूर्ण वाळवा. तोंडानं फुंकू नका, विशेषतः वापरलेल्या टाकीत.

दुसरी, नाक वर करण्याची. इंजिन सुरू करून पूर्ण थ्रॉटल द्या, आणि मोठ्या, अनुभवी माणसानं विमान मागून घट्ट धरून नाक वर करून दहा सेकंद ठेवावं. आवाज पडला तर उडवू नका. पंखा मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेत असतो. मुलं पंख्याच्या मागेच उभी राहिली पाहिजेत, कडेला किंवा समोर नाही.

आई-बाबांसाठी चार शब्द

ग्लो इंधनातलं मिथेनॉल विषारी आहे. ते पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो, कातडीतूनही ते शरीरात शिरतं. ते गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं मिळतं, लहान मुलाला सरबतच वाटेल. त्यामुळे पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणं अजिबात नको, मूळ डब्यात, कुलपात. भरताना हातमोजे घाला. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून मैदानावर अग्निशामक जवळ असू द्या. मुलानं चुकून प्यायलं तर लक्षणांची वाट बघू नका. अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, आणि मूल शुद्धीत नसेल तर थेट ९११.

शिकायला घराजवळचा क्लब शोधा. अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही संस्था १९३६ पासून आहे, इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी तिचं मुख्यालय आहे, आणि देशभरचे क्लब तिच्याशी जोडलेले आहेत. छंद म्हणून उडवणाऱ्यांना एफएएची ‘ट्रस्ट’ नावाची मोफत चाचणी द्यावी लागते, आणि विमान २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर नोंदणीही. आपलं ट्रेनर त्यात येतंच.

शेवटी खर्चाचा हिशोब, एमबीए झालेल्या माणसाला तो केल्याशिवाय राहवत नाही. विमान, इंजिन, रेडिओ मिळून काहीशे डॉलर्स हवेत असतात, आणि ते सगळं एका नळीच्या भरवशावर. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला टाकीतली नळी बदलाच, ती चांगली दिसत असली तरी. बूच दाबून बघा, क्लंक धुऊन घ्या. हे काम मुलांच्या हातून करून घ्या. स्वयंपाकघरातलं टेबल नको, गॅरेजचं दार उघडं ठेवून तिथं बसा. पितळ कापून, धार काढून, नळी चढवून टाकी कानाशी हलवायची आणि तो खट्ट आवाज ऐकायचा. मैदानावर पोचल्यावर विमान उडवण्याआधी आपल्या मुलीनं किंवा मुलानं स्वतःहून टाकी हलवून बघितली, तर समजा शिकवणी पोचली.

प्रश्न असतील तर कार्यक्रमाकडे जरूर कळवा, पुढच्या भागात उत्तरं देईन. तोवर काळजी घ्या, उन्हात टोपी घाला, आणि सगळी विमानं चाकांवर उतरू देत. नमस्कार!